आक्काच्या दारात कुठली गाडी?

“आक्का, थोरला गाडी घेतोय म्हणं?”

“तुमास्नी कुणी सांगितलं?”

“आता ते इचारू नका.”

म्हसवडात दारात गाडी यायच्या आधी तिची बातमी चार घरं फिरून आलेली असते. आक्कांचा थोरला गलाईच्या धंद्यात, तिकडं केरळात. माण, खटाव, आटपाडी, विट्याकडची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलीत, त्यातलाच हा. पैसा तिकडून यायचा, गाडी इकडं उभी राहायची. मग पसंती कुणाची, यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी काथ्याकूट चाललाय. पोरगं म्हणतं टाटाची टियागो, आक्कांचं मन मारुतीच्या वॅगनारवर. तिसरा पक्ष तात्यांचा. तात्या दहिवडी डेपोतनं रिटायर झालेले ड्रायव्हर. एसटीशिवाय कशालाच गाडी मानत नाहीत, त्यामुळं दोन्हींना नावं ठेवायला मोकळे.

आक्कांचं कारण म्हणजे गुडघे. “नणंदंच्या जावयाच्या बसक्या गाडीत बसले, तर बसताना पडल्यागत बसले आन् उतरताना दोघांनी वडून काडलं. वॅगनारमंदी कसं, खुर्चीवर बसल्यागत बसायचं.” यात खोटं काही नाही. वॅगनार 1675 मिलिमीटर उंच, टियागो 1535. म्हणजे साडेपाच इंचांचा फरक. आक्कांचे मालक अजून पटका बांधतात. तो न काढता आत बसता येणं ही त्या घरात लहान गोष्ट नाही. 1999 ला ही गाडी आली तेव्हा पुण्या-मुंबईची माणसं तिला डबा म्हणून हसायची. डब्यात माणसं ऐसपैस बसतात हे ध्यानात यायला वेळ लागला, एवढंच.

“आन् इकाया काडली तर सकाळी काडली, सांच्याला गिऱ्हाईक दारात,” आक्का म्हणाल्या.

“घ्यायच्या आधीच इकायचं बोलतीय बघा,” तात्या.

तात्यांना चेष्टा वाटो, पण आमच्याकडं गाडी घेतानाच ती विकायचा हिशेब होतो. पाऊस दगा देतो, धंदा बसतो, पोरीचं लग्न निघतं. अशा वेळी मोडायला सोनं आणि गाडी. त्या बाबतीत मारुतीचा जुना दबदबा आहे, आणि लिंबाखालच्या मेस्त्रीलाही तिची नस न् नस ठाऊक असते.

टियागोची गंमत वेगळीच. तिचं बारसं आधी झिका असं ठरलेलं. 2016 ला बाजारात आणायच्या तोंडावर जगभर झिका विषाणूची बोंब झाली आणि टाटांनी घाईघाईनं नाव बदललं. “बरं झालं,” आक्का म्हणाल्या, “रोगाच्या नावाची गाडी रथाच्या जत्रंला कोण आणंल?”

मग डिकीवर गाडी आली. नुसत्या पेट्रोलच्या वॅगनारची डिकी 341 लिटर, टियागोची 242. आक्का खूश. पण पोराला सीएनजी पाहिजे, आणि तिथं पारडं फिरतं. वॅगनारमध्ये सीएनजीची टाकी डिकीतच आडवी पडते. उरल्या जागेत पिशव्या कोंबाव्या लागतात. टाटांनी 2023 पासून एकाच्या जागी दोन बारक्या टाक्या करून त्या तळाशी घातल्या, वर सपाट जागा राहिली. विट्याच्या लेकीकडं बाजरीचं पोतं न्यायचं तर ते त्यात बसतं. आता ॲव्हरेज विचाराल, तर कंपनीच्या सांगण्यावर वॅगनार किलोला 34 किलोमीटर जाते, टियागो साडेसव्वीस. दोन्ही आकडे कंपनीचे, आपल्या रस्त्यावरचे नव्हेत. तरी फरक राहतोच.

“पर पोरगं स्टार स्टार करतंय, ते काय?” आक्कांनी विचारलं.

इथं मात्र तात्या भिंतीला टेकले. ग्लोबल एनकॅप म्हणून संस्था आहे, ती गाडी ताशी 64 किलोमीटरनं अडथळ्यावर आपटून बघते. 2019 ला वॅगनारला दोन स्टार मिळाले, 2020 च्या जानेवारीत टियागोला चार, दोघींना पेपर एकच. मग पेपर अवघड केला. 2023 ला वॅगनारला त्यात एकच स्टार पडला. पुढं 2025 ला मारुतीनं वॅगनारला सहा एअरबॅग दिल्या. “पिशव्या वाढल्या म्हणून पत्रा घट्ट झाला न्हाई,” तात्यांचा शेरा.

“तुमी तर जन्मभर बिनस्टारची एसटी चालिवली की!”

“चालिवली. तवा रस्त्यात खड्डं हुतं, चाळीसच्या वर काटा जायचा न्हाई. आता साताऱ्याच्या रस्त्याला पोरं शंभरनं येत्यात. रस्ता सुधारला म्हणून गाडी बघून घ्यायची.”

हे मला पटलं. गुडघ्याचा त्रास रोजचा, मान्य. पण उंच सीटसाठी निम्मे स्टार सोडावेत असं मला वाटत नाही, आणि हे मी आक्कांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

किमतीचं म्हणाल तर त्यावरून भांडायला जागा नाही. 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेदिवशी, बाराशे सीसी आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. दोघी त्याच मापात बसतात. पलीकडच्या आळीत एकानं मुहूर्त म्हणून गणपतीतच गाडी काढली, महिन्याभरात भाव उतरला. तो अजून त्या विषयावर बोलत नाही. त्याच्या वाटणीचं आम्ही बोलतो.

“मंग चार स्टारची घेतली की झालं न्हवं?” आक्का जरा नरमल्या.

“न्हाई झालं. 2022 ला सायरस मिस्त्री गेलं, पालघरजवळ. मर्सिडीज हुती. मागच्या शिटवर बसलेलं, पट्टा लावला न्हवता. गाडी कुठली बी घे, मागं बसून पट्टा लावायचा.”

“लुगड्यावरनं?”

“लुगड्यावरनं.”

आक्कांनी क्षणभर विचार केला. “आन् बाजरीच्या पोत्याला वो?”

“त्याला आदी बांद. ते तुज्यापरास जड हाय.”