डिझेल, डिझेल, डिझेल!

आमच्या सोसायटीतले नाना तुमच्याही सोसायटीत आहेतच. तिथे त्यांना अण्णा किंवा भाऊ म्हणत असतील, एवढाच फरक. पंपावर गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून जे खाली उतरतात आणि "डिझेल, डिझेल, डिझेल!" असं ओरडतात, तेच ते. एकदा सांगितलेलं माणूस ऐकत नाही, दुसऱ्यांदा ऐकतो पण विसरतो, तिसऱ्यांदा सांगितलं की त्याच्या हाताला कळतं, असा नानांचा सिद्धांत. त्यानंतर तोंडी परीक्षा. "काय भरणार? म्हणा!"

"डिझेल," पोरगा पुटपुटतो.

"तीनदा!"

मागच्या रांगेतले हॉर्न वाजवतात. नाना हॉर्नला भीक घालत नाहीत. उलट गर्दी जमली की त्यांना चेव येतो. शेजारच्या पेट्रोलच्या गाडीचं झाकण उघडलेलं असलं, तर खिशातली बॅटरी काढून ते आत उजेड पाडतात. "इकडे बघा. पेट्रोलच्या गाडीचा घसा मुद्दाम आवळलेला असतो. आत बारीक भोकाची चकती, तिच्यामागे स्प्रिंगची झडप. पेट्रोलची नळी 21 मिलिमीटरच्या आसपास, ती जाते. डिझेलची 24-25, ती अडते." पाठोपाठ इतिहास. 1970च्या दशकात अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. पेट्रोलमधलं शिसं त्यांची माती करायचं. म्हणून बिनशिशाच्या पेट्रोलवरच्या गाड्यांना अरुंद तोंड दिलं आणि शिशाच्या पेट्रोलची नळी जाड ठेवली. "म्हणजे ही चकती डिझेलसाठी बसवलेलीच नव्हती! डिझेल आपलं फुकटात अडलं." आपल्याकडे 1995च्या एप्रिलमध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं, 2000च्या फेब्रुवारीत देशभर शिसं बंद झालं, हेही नाना सांगतात. तोवर त्या पेट्रोलवाल्याची टाकी भरून, पैसे देऊन, तो निघून गेलेला असतो.

मग स्वतःच्या गाडीकडे वळून नाना खरा घाव घालतात. "आता हे डिझेलच्या टाकीचं तोंड. ऐसपैस! यात पेट्रोलची बारीक नळी सळसळत जाते. ज्या चुकीत माणूस थोडक्यात सुटतो तिला अडसर, आणि ज्या चुकीत दिवाळं निघतं तिला मोकळं रान!" दिवाळं निघतं हे खरंच. डिझेल नुसतं जळत नाही, जाता जाता हाय प्रेशर पंपाला वंगणही पुरवतं. पेट्रोल ते वंगण धुऊन काढतं, पंपाचे भाग एकमेकांवर घासतात आणि धातूचा कीस थेट इंजेक्टरमध्ये जातो. काही परदेशी कंपन्यांनी यावर उपाय म्हणून अशी झडप बसवली, की रुंद नळीने दोन्ही बाजूंचे खटके दाबल्याखेरीज ती उघडतच नाही. नानांच्या गाडीत ती नाही. तिची उणीव नाना जातीने भरून काढतात.

या जमातीचा जन्म सरकारी धोरणातून झाला आहे. पेट्रोलचे भाव 2010मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे 2014मध्ये. मधल्या चार वर्षांत स्वस्त डिझेलवर मध्यमवर्ग तुटून पडला. त्याआधी डिझेल म्हणजे ट्रक, जीप, टॅक्सी. पंपावरच्या पोराला लांबून कळायचं. मग एकाच रंगाची, एकाच नावाची छोटी गाडी निम्म्यांच्या घरी पेट्रोलवर आणि निम्म्यांच्या घरी डिझेलवर दिसू लागली. पोराने ओळखायचं कशावरून? झाकणावर स्टिकर असतो, पण तो वाचायला कुणाला वेळ आहे? नानांनी 2012मध्ये गाडी घेतली आणि त्यांना कंठ फुटला.

पंपावर जडलेली सवय पंपापुरती राहिली असती तरी चाललं असतं. टपरीवर "बिनसाखरेचा, बिनसाखरेचा, बिनसाखरेचा!" होतंच. नातवाच्या बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, तर नाना म्हणाले, "तीनदा सांग." बाळाला "म्हण!" म्हणायचं तेवढं राहिलं. गुडघ्याच्या ऑपरेशनला नेताना त्यांनी स्ट्रेचरवरून "डावा, डावा, डावा" असा गजर लावला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना "म्हणा" म्हणता म्हणता स्वतःच झोपी गेले.

मागच्या पावसाळ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या डिझेल गाडीत एका पंपावर पेट्रोल भरलं गेलं. नानांच्या तीनदा-तीनदाची सर्वांत जास्त टिंगल हाच करायचा. रात्री त्याने फोन केला तो मात्र नानांनाच. "किल्ली फिरवू नकोस, फिरवू नकोस, फिरवू नकोस!" नाना गरजले. नुसती किल्ली फिरवली तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप सुरू होतो आणि पेट्रोल पुढे सरकतं. "म्हण!" त्यानेही मुकाट तीनदा म्हटलं.

नाना लंगडत रिक्षाने पंपावर गेले. गाडी ढकलून कडेला घेतली, मेकॅनिकला उठवून आणलं, टाकी रिकामी होईपर्यंत छत्री धरून उभे राहिले. पंपाचा मालक पोराच्या पगारातून पैसे कापायला निघाला होता. त्याला नानांनी असं काही धारेवर धरलं की तो ऑफिसात जाऊन बसला. रडवेल्या पोराला म्हणाले, "चूक तुझ्या एकट्याची नाही रे, त्या भोकाचीही आहे." आणि "मी सांगितलं होतं" हे वाक्य त्या रात्री त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. नंतरही नाही.

त्या मुलाने आता इलेक्ट्रिक गाडी घेतली. नानांनी बॅटरी लावून चार्जिंगचं तोंड तपासलं. वर घरच्या चार्जिंगच्या पिना, खाली जलद चार्जिंगच्या दोन जाड पिना. "यात चुकीचं काही भरताच येत नाही?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले. मुलगा त्यांना चार्जिंग स्टेशनवरही घेऊन गेला. तिथे एक यंत्र, एक वायर आणि मोबाइलवरचं ॲप. बोलायला चिटपाखरू नाही.

नानांच्या गाडीला पंधरा वर्षं होत आली. तिचं मॉडेल आता डिझेलमध्ये मिळत नाही. मुलगी म्हणते, विकून टाका. नानांनी मात्र हरित कर भरून आणखी पाच वर्षांची नोंदणी करायचं पक्कं केलं आहे. कारण विचारलं तर म्हणतात, "डिझेल स्वस्त पडतं." ते आता पूर्वीइतकं स्वस्त पडत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.