चालती भिंत

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला की मी न बघताच सांगतो, राजुरीहून नाना. हॅलो नाही, कसा आहेस नाही. थेट बातमी. "आली रं बाबा, भिंत परत आली."

नाना फायरवॉलला भिंत म्हणतात. कुणीतरी त्यांना शब्दाचा अर्थ 'आगीची भिंत' असा सांगितला होता. त्यातली आग नानांनी गाळली. वेद म्हणणाऱ्या रेड्याची समाधी आमच्या शेजारी आळ्याला आहे, त्यामुळे ज्ञानेश्वरांच्या चमत्कारांवर आमच्याकडे सगळ्यांचाच थोडा घरगुती हक्क असतो. माउलींनी भिंत चालवली ती चांगदेवांना भेटायला, आणि तीही एकदाच. नानांकडे भिंत रोज सकाळी आपणहून चालत येते.

नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी नारायणगाव आगारात. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली, ही माहिती ते कुणालाही, कुठल्याही निमित्ताने देतात. दुधाला फॅट किती लागली असं विचारणाऱ्या पोरालाही त्यांनी आधी ती दिली आणि मग फॅट सांगितली. निवृत्तीनंतर गावातल्या एका दूध संकलन केंद्रात 'जरा लक्ष ठेवायला' म्हणून जाऊन बसू लागले, आणि वर्षाच्या आत कॉम्प्युटरपुढची खुर्ची त्यांची झाली. अशी माणसं तुमच्याकडेही असतील. सोसायटीत असतात, पतसंस्थेत असतात, देवळाच्या ट्रस्टमध्ये तर हमखास. पगार नाही, पद नाही, पण कपाटाची किल्ली त्यांच्याच जानव्याला किंवा करगोट्याला. नानांची खाकी गेली, तरी नोटा उभ्या घडीने बोटांच्या बेचक्यात धरायची सवय गेली नाही. दहा दिवसांचं पेमेंट वाटताना ते शेतकऱ्याला अजून "पुढं सरका" म्हणतात.

केंद्रात दोन कॉम्प्युटर. बाहेरच्यावर दूध मोजलं जातं: लिटर, फॅट, एसएनएफ. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून दर, खाली गेलं की कपात. आतल्या खोलीत दुसरा कॉम्प्युटर, त्यावर एक ताई पशुखाद्याची उधारी आणि पेमेंट बघते. आतला कॉम्प्युटर बाहेरच्याकडून आकडे मागवतो. निदान मागवायला हवेत.

बाहेरचा प्रोग्राम सकाळी उघडला की पडद्यावर एक चौकोन येतो. या ॲपची काही कामं फायरवॉलने अडवली आहेत, परवानगी द्यायची का? खाली दोन खुणा, एक घरच्या-ऑफिसच्या नेटवर्कसाठी आणि एक सार्वजनिक ठिकाणच्या. त्याखाली दोन बटणं, 'अलाऊ ॲक्सेस' आणि 'कॅन्सल'. नाना हे वाचत नाहीत. नानांनी आयुष्यात फक्त तिकिटाचे आकडे वाचले, बाकी मजकूर प्रवाशांसाठी असतो. ते कॅन्सल दाबतात, आणि मग मला फोन करतात.

"नाना, काय लिहिलं होतं त्यात?"

"ते मला काय माहीत? मी घालवलं."

घालवलं, या शब्दात मोठं समाधान असतं. त्याला कारणही आहे. फोन लावला की बाई सांगते, ओटीपी कुणाला देऊ नका. बँकेत भिंतीवर तेच. नातू घरी तेच सांगतो. एवढी वर्षं सगळ्या जगाने मिळून नानांना एकच गोष्ट शिकवली, की यंत्राने काही विचारलं तर नाही म्हणायचं. नाना आज्ञाधारक माणूस. ते रोज नाही म्हणतात.

आणि गंमत अशी, की नाही म्हटल्यावरही प्रोग्राम झकास चालतो! कारण ही भिंत बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही. ती अडवते आत येणाऱ्याला. मोजणी होते, स्लिप निघते, प्रोग्राम अपडेटसुद्धा होतो. फक्त आतल्या खोलीतून हाक येते, "नाना, येत नाही हो!"

"कोण येत नाय?"

"आकडे!"

मग नाना पेनड्राइव्ह काढतात, आकडे त्यात भरतात, उठतात, आठ पावलं चालतात आणि ताईला हातात देतात. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना आहेत. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांचा तो पसारा कुठल्या कुठल्या आकाशगंगांचं कुजबुजणं ऐकतो. राजुरीत मात्र शेजारच्या खोलीतलं ऐकायला माणूस पाठवावा लागतो.

एका शनिवारी मी गावी गेलोच. आळेफाट्याला उजवीकडे वळलो आणि घरी न जाता थेट केंद्रात. तिथे आधीच एक पोरगा सल्ला देत उभा होता, "काका, भिंतच बंद करून टाकू ना. आमच्या दुकानात तसंच केलंय." हा दुसरा नमुना, त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहावं लागेल. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा अशाच उघड्या दारांतून जगभरच्या कॉम्प्युटरांत शिरला होता. कुणी काही उघडलं नव्हतं, कुठे बोट लावलं नव्हतं. यंत्र नेटला जोडलेलं होतं, एवढंच. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपासून विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये ही भिंत आपोआप चालू स्थितीत येऊ लागली. मी हे पोराला सांगितलं. त्याचा जन्म त्यानंतरचा होता. तो गाडीला किक मारून गेला.

आता खरा प्रश्न. एकदा कॅन्सल दाबलं की विंडोज त्या प्रोग्रामच्या नावाने मनाईचा नियम लिहून ठेवतं आणि पुन्हा विचारत नाही. मग नानांनाच रोज का विचारतं? मी फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन आत येणाऱ्यांच्या नियमांची यादी उघडली आणि खुर्चीत मागे टेकलो. लाल गोल, लाल गोल, लाल गोल. एकाच प्रोग्रामचं नाव, खाली खाली खाली. प्रत्येक दिवसाच्या दोन ओळी, एक टीसीपीची, एक यूडीपीची. पत्ता प्रत्येकीचा वेगळा: 'दूध १-५', 'दूध २-५', 'दूध ३-५'.

"नाना, हे काय?"

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. एप्रिलच्या शेवटी वीज गेली होती, प्रोग्राम बिघडला आणि दहा दिवसांचा हिशेब गेला. अख्खं गाव दारात. त्या दिवसापासून नाना रोज संध्याकाळी अख्ख्या फोल्डरची नक्कल करतात, तिला उद्याची तारीख देतात आणि सकाळी ती नवी नक्कल उघडतात. "कालचं वेबिल आज वापरायचं नसतं," ते म्हणाले.

आता नक्कल ठेवणं चुकीचं नाही. असा माणूस मी शहरातल्या ऑफिसातही फारसा पाहिला नाही. पण फायरवॉल प्रोग्राम ओळखते तो त्याच्या पत्त्यावरून. फोल्डर बदललं की तिच्या लेखी माणूस नवा. हे नानांना कसं सांगावं? परवानगी, नियम, पत्ता, पोर्ट, सगळं बोलून झालं. नाना मान हलवत होते. कंडक्टरची मान गाडीच्या हिसक्यानेही हलते, त्यावर जाऊ नये. शेवटी म्हटलं, "नाना, पास असतो ना शाळेतल्या पोरांचा. राजुरी ते नारायणगाव. तो घेऊन पोरगा ओतूरच्या गाडीत बसला तर?"

"उतरवणार."

"रोज नव्या गाडीत बसला तर?"

नाना थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी ही भिंत नाय. हा कंडक्टर हाय."

त्यानंतर आवाजच बदलला. भिंतीवर राग धरता येतो, सहकाऱ्यावर कसा धरणार? रोज तोच प्रोग्राम, रोज नवा रूट, आणि बिचारा ड्युटी म्हणून रोज विचारतोय. "आणि मी त्याला रोज हाकलतोय," नाना पुटपुटले.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. प्रोग्राम कायमचा एका फोल्डरमध्ये, नाव फक्त 'दूध'. रोजची नक्कल करायची ती फक्त आकड्यांच्या फाइलची, पेनड्राइव्हवर, हवी तेवढी तारखेवार. केंद्राचं वायफाय सार्वजनिक म्हणून नोंदलं गेलं होतं, ते खासगी केलं. प्रोग्राम उघडला, चौकोन आला. खासगी नेटवर्कची खूण ठेवली, सार्वजनिकची काढली आणि उंदीर नानांच्या हातात दिला.

"कॅन्सल म्हणजे सिंगल बेल," मी म्हणालो, "आणि अलाऊ..."

"डबल बेल. मला शिकवतो का?" नानांनी अलाऊ दाबलं आणि सवयीने तोंडाने टिंग टिंग केलं. आतून ताई ओरडली, "आले!"

राहिले ते जुने लाल गोल. मनाईचा नियम परवानगीवर मात करतो, तेव्हा पुढेमागे यातल्या एखाद्या तारखेचं फोल्डर कुणी उघडलं तर घोळ नको, म्हणून सगळे निवडून पुसायला घेतले. नानांनी हात धरला. हिशेब न लिहिता काही फाडायचं नसतं. त्यांनी शंभर पानी वही काढली, चष्मा खाली घेतला आणि यादी उतरवून घेतली, वरपासून खालपर्यंत, मला पुसायची परवानगी देण्याआधी. मी दोन चहा प्यायलो.

१ मे ते १३ जुलै, दिवस ७४. वहीत १४८ ओळी आहेत, प्रत्येकीपुढे 'कॅन्सल' आणि नानांची सही.