खुराड्यातला पंचनामा

कोंबडी गेली की आधी आरोपी ठरतो आणि मग पुरावे शोधले जातात. कोकणातल्या कुठल्याही वाडीत हीच रीत. सकाळी खुराड्याचं दार उघडावं आणि आत पिसांचा सडा दिसावा. घरची काकी तिथल्या तिथे शेजारच्या बोक्याचं नाव घेते. शेजारीण खालच्या वाडीतल्या कुत्र्यांकडे बोट दाखवते. खुराड्यापर्यंत जायचा कंटाळा असलेले आजोबा ओटीवर बसल्या बसल्याच बिबट्या आणतात. आपल्याकडे बिबट्या आला होता म्हटलं की घराची पत वाढते. मुंगसाने कोंबडी मारली हे चारचौघांत सांगायला तितकं भारदस्त वाटत नाही.

मुंगसाची तर गावात पत्रिकाच चांगली आहे. ते दिसलं की दिवस शुभ जातो. पोरं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावतात. वर सापाचा वैरी ही ख्याती आहेच. या बाबतीत कोंबड्यांचं मत मात्र अजून कोणी घेतलेलं नाही. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, आणि जेवणं आटोपून घर आडवं झालेलं असतं ती वेळ त्याला फार सोयीची. मानेवर नाहीतर डोक्याच्या मागे चावा आणि बाकी कोंबडी जवळजवळ तशीच, असं दुपारी दिसलं तर बोक्याला दोष देण्याआधी कुंपणाच्या गडग्यातली भोकं पाहावीत. हाच प्रकार रात्री घडला असेल तर मुंगूस त्या वेळी बिळात झोपलेलं असतं. रात्रपाळी उदमांजराची. ते झाडावरून छपरावर येतं आणि सरकलेल्या कौलातून आत उतरतं. आपण मात्र खाली दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

सगळ्यात वाईट दृश्य म्हणजे सात-आठ कोंबड्या मेलेल्या आणि खाल्लेली एकही नाही. माणसाला याचा राग जास्त येतो. भुकेने नेली असती तर समजू शकलो असतो, म्हणतो. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने 1972 साली या प्रकारावर लिहिलं होतं. भक्ष्य पळत सुटलं की शिकाऱ्याला एखादंच हाती लागतं आणि प्रकरण तिथे संपतं. पण पळायला वाटच नसली, तर समोर फडफडणारं प्रत्येक भक्ष्य त्याला नव्याने मारायला लावतं. म्हणजे हा पाशवी क्रूरपणा जितका त्या प्राण्याचा, तितकाच आपण बांधलेल्या बंद खुराड्याचा. भटकी कुत्री यात आघाडीवर असतात. त्यातलं एखादं आपल्याच दारातली भाकरी खाऊन गेलेलं असतं, म्हणून त्याचं नाव पंचनाम्यात येत नाही.

अंड्यांचा तपास निराळा. अंडं अख्खं नाहीसं झालं, कवचाचा तुकडाही मागे नाही, तर नाग किंवा घोरपड. टोच मारून फोडलेलं, अर्धवट रिकामं कवच अंगणात पडलेलं असेल तर कावळा. रात्री पिल्लं एकेक करून नाहीशी होत असतील आणि कोपऱ्यात ताजी उकरलेली माती असेल तर घूस. आणि घरट्यातला पेंढा चिकट झाला असेल, एखाद्या कोंबडीच्या चोचीला पिवळं लागलेलं असेल, तर बाहेर कोणालाच शोधू नये. काही कोंबड्या स्वतःची अंडी खातात. हे काकीला पटवणं अवघड. ‘ती कशाला खाईल? तिचीच ना ती!’ त्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा द्यावा आणि अंडी वेळच्या वेळी उचलावीत, बाकी वाद घालू नये.

कोंबड्या काही अगदी बावळट नसतात. त्यांच्याकडे धोक्याच्या दोन वेगळ्या आरोळ्या आहेत. जमिनीवरून कोणी आलं तर मोठा, तुटक, थांबता न थांबणारा कलकलाट. वरून घार आली तर एक बारीक लांब शीळ, की ती कुठून आली हे घारीला कळू नये, आणि पिल्लं जागच्या जागी झुडपात दबावीत. यात कोंबड्याचं वागणं फार बोलकं आहे. पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात पाहिलं की आकाशातला शत्रू दिसल्यावर जवळ कोंबडी असेल तर कोंबडा हाकाटी करतो, एकटा असेल तर बहुतेक वेळा गप्प राहतो. ओटीवरून बिबट्या आणणाऱ्या आजोबांचंही थोडंफार असंच असतं. आजी स्वयंपाकघरात गेली की बिबट्याही रानात परततो.

अंधार पडला की मात्र हे सगळं शहाणपण संपतं. कोंबडीला रात्री फारसं दिसत नाही. गावठी कोंबडी म्हणून फणसावर चढून बसायची. बंगळूरची गिरिराज नाहीतर हैदराबादची वनराज अंगाने भारी, तिला ती उडी जमत नाही. ती खाली बसते आणि आपल्या भरवशावर राहते. भरवसा म्हणजे बाजारातली सहा कोनांची कोंबडीजाळी. ती जाळी कोंबडी आत राहावी म्हणून असते, कोणी बाहेर राहावं म्हणून नव्हे. कुत्रा ती दातांनी फाडतो, लहान प्राणी तिच्यातून सहज पंजा घालतो. अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डमेश लावावी, ती हातभर खाली मातीत गाडावी म्हणजे उकरणाऱ्याचा हिरमोड होतो. जुन्या सीड्या टांगल्या तर घार दोन-चार दिवस बिचकते आणि मग त्यांच्या शेजारूनच पिल्लू उचलते. त्यापेक्षा अंगणात वेलीचा मांडव बरा.

विष घालून ठेवायचा सल्ला देणारा कोणीतरी प्रत्येक वाडीत असतो. ते विष आपलाच कुत्रा खातो. शिवाय मुंगूस, उदमांजर, घोरपड, नाग यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कोंबडीला नाही. तिच्या वाट्याला येते ती राखण. आमच्याकडे वर्षातून एकदा राखणदाराला कोंबडा देतात, वाडीचं रक्षण व्हावं म्हणून. त्या कोंबड्याच्या बाजूने पाहिलं तर वर्षभर मुंगसापासून वाचवून ठेवलेला जीव शेवटी बंदोबस्ताच्या फीमध्ये गेला. उरलेल्यांचा हिशोब रविवारी वडे तळताना होतो, आणि त्या दिवशी पंचनामा कोणी करत नाही.

तेव्हा कोंबड्या पाळणाऱ्यांना एवढंच सांगणं: दिवेलागणीपूर्वी त्या आपणहून आत जातात, तेव्हाच दार लावा, मालिका संपल्यावर नको. आणि कडी घालण्याआधी बॅटरीचा झोत एकदा आत, घरट्याच्या डालग्यात फिरवा. अंड्यांवर आधीच नाग बसला असेल तर हात घालू नका, सर्पमित्राला बोलवा.