वूस्टरच्या मेरीचे दागिने

अहो वहिनी, ती कपड्यांची बादली ठेवा खाली आणि या जरा कुंपणापाशी. सासूबाईंना वूस्टरचं कथीड्रल दाखवायचंय म्हणालात ना? मग ऐकून ठेवा. किंग जॉनचं थडगं सगळेच दाखवतात. हयातभर लोकांना पिळून काढलं आणि 1216 मध्ये मरताना म्हणतो कसा, मला वूस्टरला मेरी आणि संत वुल्फस्टनच्या देवळात पुरा! ते मृत्युपत्र अजून तिथल्याच ग्रंथालयात आहे. पापं केली की जागाही जरा बघूनच मागावी लागते.

पण त्याला राहू द्या. मला आवडतो तो यात्रेकरू. 1986 साली मनोऱ्याच्या पायाशी काम करताना सापडला. पायांत गुडघ्यापर्यंत चामड्याचे बूट, शेजारी लोखंडी टोकाची काठी आणि एक भोक पाडलेला शिंपला. म्हातारा यात्रेच्या वेषातच पुरलेला! कोण, काय, नक्की कुणाला ठाऊक नाही. कपडे रंगवणारा कुणी असावा म्हणतात. ते बूट तळघरात ठेवलेत, चुकवू नका.

आता मेरीचं ऐका. इथं तिची मोठी मूर्ती होती. अंगावर उंची वस्त्रं, दागिने. लांबलांबून लोक नवस बोलायला यायचे. तुम्ही वांद्र्याच्या, मोतमाऊलीला मेणाचे हातपाय वाहताना लहानपणापासून बघितलेत. इकडेही हेच चालायचं बरं का! एक्झेटरच्या कथीड्रलात बॉम्ब पडला, त्यानंतर 1943 मध्ये एका बिशपच्या थडग्याजवळ मेणाचे हातपाय सापडले. माणसांचे तर सापडलेच, जनावरांचेसुद्धा! घोडा लंगडला तरी नवस. हसताय काय, घोड्यावरच पोट असेल बिचाऱ्याचं.

आणि मग आला राजा आठवा हेन्री, त्याच्या राज्यात असल्या मूर्तींवर गदा आली. 1537 मध्ये इथल्या मेरीची वस्त्रं, दागिने सगळं उतरवलं. आतून म्हणे कुणा बिशपचाच दहा फुटी पुतळा निघाला! ही आपली बोलवा हं, मी छातीठोक सांगत नाही. काढणाऱ्यांना तसं म्हणणं सोयीचंही होतं.

पण थॉमस एमन्स नावाचा एक चाकर होता. ऑगस्टात, मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास देवळात आला. प्रार्थना केली, उघड्या मूर्तीचे पाय चुंबले आणि चारचौघांत बोलला, की हिची वस्त्रं गेली, दागिने गेले, म्हणून काही बिघडलं नाही, वरच्या मेरीला आठवून हिच्यापुढे पूर्वीसारखीच प्रार्थना करता येते. काढून नेणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले. राज्य कुणाचं चाललंय, याचं भान नको का माणसाला? लगेच चहाडी झाली! जबान्या झाल्या, कागद थेट राजाच्या मंत्र्यापर्यंत, थॉमस क्रॉमवेलपर्यंत गेले. म्हणून तर आपल्याला कळलं, नाहीतर एका चाकराचं बोलणं कोण लिहून ठेवतं? चहाडखोराचे उपकारच म्हणायचे.

तेव्हा इथला बिशप होता ह्यू लॅटिमर. खरं तर मूर्तीची राखण यानंच करायची, तर हाच उलटा! 1538 मध्ये क्रॉमवेलला लिहितो, ही आमची, हिची वॉल्सिंगहॅमची थोरली बहीण, इप्सविचची धाकटी, सगळ्या एकत्र जाळा, फार वेळ लागायचा नाही. थट्टा करावी, पण किती? त्याच वर्षी वॉल्सिंगहॅमची मूर्ती लंडनजवळ चेल्सीला नेऊन जाळली. वूस्टरची पण गेली ती गेलीच.

पुढं काय झालं, माहितेय? हेन्री मेला, राज्य फिरलं आणि 1555 मध्ये ऑक्सफर्डला खांबाला बांधून याच लॅटिमरला जिवंत जाळलं. तेही हेन्रीच्याच लेकीच्या राज्यात. आणि त्या राणीचं नाव होतं मेरी.