टेस्ट करून घ्या!

पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल हे कळावं म्हणून. बुद्धी जन्मभरासाठी ठरलेली नसते, हेही त्यांनी बजावलं होतं. 1911 मध्ये ते गेले. सुटलेच म्हणायचे, कारण 1916 साली स्टॅनफर्डच्या टर्मन यांनी तीच चाचणी सुधारून घेतली आणि मुलांना आकडे चिकटवण्याचा उद्योग जोरात सुरू झाला.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात ती मराठी व कन्नड मुलांसाठी बसवली. ती आजही वापरात आहे. आजोबांची आणि नातवाची बुद्धी एकाच घराण्याच्या फूटपट्टीने मोजायची, ही काटकसर आपल्याला शोभतेच.

आता शाळेतल्या मानसतज्ज्ञ बाई. असल्या, तर त्यांची खोली क्रीडासाहित्याच्या कपाटाशेजारी. ऑफ तासाला वर्ग सांभाळायचा, तपासणीला फाईल दाखवायची. बाईंना शिक्षकांशी शिकवण्याबद्दल बोलायचं असतं. पण नववीच्या निकालाआधी एखाद्या मुलाबद्दल वरून निरोप येतो, ‘ह्याची जरा टेस्ट करून घ्या.’ अर्थ सगळ्यांना कळतो. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचाय, तेव्हा ह्याने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलेला बरा. मूल अडलंय कुठे, हा प्रश्न अहवालाच्या शेवटच्या पानावर असतो आणि ते पान कोणी उलटत नाही.

पालकहो, पुढच्या सभेत बुद्ध्यांक विचारू नका. चाचणीनंतर शिकवण्यात काय बदललं, तेवढं विचारा.