कॅरम-बोर्डावरचं वाळवंट

आमचे भाऊजी मूळचे सांगलीचे सिव्हिल इंजिनियर. टूसॉनला पोट भरलं संगणकावर, पण जीव अजून प्लेन टेबलात, म्हणजे जागेवरच नकाशा काढायच्या सर्वेच्या फळीतच. त्यांच्या हॉलमध्ये लग्नाचा फोटो नाही. न्यू मेक्सिकोच्या ‘बुटाच्या टाचे’ची जुनी सरकारी नकाशाची शीट आहे. टाचच का, असं पाहुण्यानं विचारू नये. चहा गार होतो. १८५३ चा गॅड्सडेन करार, रिओ ग्रांदेपासून पश्चिमेला १०० मैल गेलेली सीमा, मग एकदम दक्षिणेला वळून थेट ३१ अंश २० मिनिटांपर्यंत. ना नदी, ना डोंगर, नुसती पट्टी ठेवून मारलेली रेघ! “गाईंना कुणी विचारलंच नाही,” असं भाऊजी दर वेळी म्हणतात आणि दर वेळी एकटेच हसतात.

शीटवर पवनचक्की दिसली की मात्र आवाज हळवा होतो. त्या मुलखात पवनचक्की म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे गुरं. म्हणून तर सर्वेवाल्यांनी एकेकट्या घराची, विहिरीचीही दखल घेतली. मधे तीन-तीन ठिपके असलेली तुटक निळी रेघ म्हणजे पावसापुरता वाहणारा ओढा, हे आता ताईही झोपेत सांगेल.

गेल्या डिसेंबरात त्यांनी आम्हाला तिकडे नेलं. डिकीत प्लेन टेबल म्हणून कॅरम-बोर्ड, त्याचा लोखंडी स्टँड आणि ड्रॉइंग पेपर. बोर्ड समपातळीत आहे का, ते स्ट्रायकर उभा सोडून पाहिलं. तो घरंगळून निवडुंगात गेला. मग फूटपट्टीवर दोन टाचण्या रोवून पवनचक्कीवर नेम आणि पहिली रेघ.

“जुने लोक खेचरांवर सामान लादून यायचे रे, तंबूत राहायचे. पण नकाशा जागेवर, डोळ्यांदेखत! घरी जाऊन आठवून नाही!”

पहिल्या जागी ताई ओढणी फडकवत झेंडा झाली. मी ३०० पावलं मोजली, तिथून दुसरी रेघ. दोन्ही छेदल्या तेव्हा पवनचक्की मेक्सिकोत गेली होती.

“तुझी पावलं आखूड,” भाऊजी म्हणाले.

एवढ्यात सीमेवरची गस्तीची गाडी आली. जवानानं आधी ओढणीकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. भाऊजींचा चेहरा उजळला. आयुष्यात प्रथमच कुणीतरी आपणहून विचारत होतं. अर्धा तास त्याला पट्टी धरायला लावून शिकवलं. शेवटी त्यानं अदबीनं विचारलं, कोपऱ्यांतली ही चार भोकं कसली?

“गुरांची तळी,” भाऊजी म्हणाले.