काळी मैना आणि मोटारीतले काका

सह्याद्रीत करवंदे, म्हणजेच काळी मैना, एप्रिलच्या अखेरीस पिकू लागतात आणि पावसाने जोर धरला की संपतात. शाळांची सुट्टीही याच दिवसांत येते. त्यामुळे कऱ्हाडहून चिपळूणकडे उतरणाऱ्या कुंभार्ली घाटात मे महिन्यात वळणावळणाला एखादी मोटार थांबलेली दिसते आणि तिच्याशेजारच्या जाळीत एक कुटुंब अडकलेले दिसते.

अशा प्रत्येक मोटारीत एक माहितगार काका असतात. त्यांचे रानमेव्याचे ज्ञान बालपणीचे असते आणि बालपण बहुधा सदाशिव पेठेत गेलेले असते.

करवंद ओळखायला तीन खुणा एकदम जुळाव्या लागतात: समोरासमोर येणारी चिवट, चकचकीत पाने, जोडीने येणारे, बऱ्याचदा टोकाशी दुभंगलेले काटे, आणि फळ तोडताच देठातून येणारा पांढरा चीक. काकांना यातली एकच खूण पुरते, ती म्हणजे चीक. पण चीक कण्हेरीलाही असतो. ती करवंदाच्याच कुळातली असून पानांपासून मुळांपर्यंत विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीची हिरवी, पिकताना काळपट होणारी फळेही तितकीच घातक.

काकांचा दुसरा सिद्धांत असा, की पाखरे खातात ते माणसाला चालते. धनेश पक्षी काजऱ्याच्या फळाचा गर खुशाल खातो. ते नारिंगी फळ दिसायलाही मोठे लोभस असते. पण त्याच्या बियांत स्ट्रिक्निन असते आणि धनेशाचे पोट काकांना मिळालेले नसते. तिसरा सिद्धांत जिभेवर ठेवून चव बघण्याचा. गोड लागले म्हणजे निर्धोक, हे कोणत्याही विषाने कबूल केलेले नाही. वाळक्या शेंगेत लालभडक दिसणाऱ्या गुंजा तर मुले खिशातच भरतात. सोनाराच्या तराजूत गुंज निरुपद्रवी. चावली गेली तर तीच जिवावर बेतू शकते. घाणेरीचे काळे-जांभळे घोस पाहून शहरी मूल ‘ब्लूबेरी!’ म्हणून धावते. तिची हिरवी फळे विषारी असतात आणि पिकलेल्या घोसातही एखादे हिरवे सापडतेच, तेव्हा मुलाला तिथेच थांबवलेले बरे.

आता जाळीबद्दल. करवंदीचे काटे कपड्यांचा मुलाहिजा ठेवत नाहीत, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. खरी काळजी बुडख्याशी असते. दगड आणि पाचोळा यांत फुरसे पडून राहते. ते वीतभर-हातभर लांबीचे असले तरी विषारी आहे. म्हणून पायांत बूट हवेत, आधी काठीने पाचोळा हलवावा आणि जिथे नजर पोहोचत नाही तिथे हात घालू नये. अभयारण्याच्या हद्दीत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय काहीच तोडता येत नाही. आमराईच्या किंवा काजूच्या बागेच्या बांधावरची फळेही सोडावीत, कारण तिथे फवारणी झालेली असू शकते.

पूर्ण काळी झालेली फळेच घ्यावीत आणि ती धुऊन खावीत. अर्धवट पिकलेल्या करवंदाच्या चिकाने ओठ चिकटतात. काकांचे व्याख्यान थांबवण्याचा निसर्गाने ठेवलेला हा एकमेव उपाय. मुलांचे लक्ष तोवर फळ फोडून आत लाल निघाले तर ‘कोंबडा’ आणि फिके निघाले तर ‘कोंबडी’ म्हणण्यात असते. प्रत्येकाला कोंबडाच हवा असतो.

सगळ्यात बिनधोक पद्धत मात्र पुढच्या वळणावर बसलेली असते. पानांच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या मावशींनी ती पहाटेच जाळ्या पारखून आणलेली असतात. तासाभराच्या मोहिमेत मूठभर फळे आणि फाटलेला सदरा मिळवलेले कुटुंब तिथून चार द्रोण घेते आणि ‘स्वतः तोडलेली’ म्हणून त्यांचा फोटो काढते.

कोणी अनोळखी फळ खाल्लेच, तर लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये आणि मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. उरलेले फळ व पानांसह डहाळी पिशवीत घ्यावी, १०८ ला फोन करावा आणि रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. काकांना मागच्या सीटवर बसवावे.